मुंबईला कोण नेईल?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज बचतीचं, कर्जाचं किंवा हप्त्याचं बोलणार नाही. आज वाटेचं बोलू. अलिबागकडच्या आपल्या गावांतून मुंबईला जायच्या वाटांचं.

तुम्ही म्हणाल, यात सांगायचं काय? मुंबई तर समोर दिसते. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की दिवे मोजता येतात. पण आमच्या गटांच्या बैठकीत मुंबईचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "मुंबईला कोण नेईल?" मुलाला सुट्टी नाही, नवऱ्याचं भाताचं काम चालू आहे, दीर पुढच्या महिन्यात बघतो म्हणाले. या एका प्रश्नापायी माल व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो आणि दुखणं अंगावर काढलं जातं.

आमच्या एका गटातल्या ताईंचं असंच झालं. छातीत गाठ लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून परळच्या टाटा रुग्णालयात जायची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी दोन महिने देव्हाऱ्यात राहिली. कारण एकच, नेणारं कोणी नव्हतं. आम्हाला कळलं तेव्हा गटातल्या दोघी म्हणाल्या, आम्ही येतो, चला. जूनचा पहिला आठवडा होता. पहाटे उठून, भाकरी बांधून आम्ही मांडव्याला पोचलो. बघतो तर जेटीवर शुकशुकाट. पावसाळ्यामुळे गेटवेच्या बोटी बंद झालेल्या. तिथून अलिबागला मागे येऊन एसटीने पनवेल आणि मग लोकल. परळला पोचेपर्यंत दुपार झाली आणि त्या दिवशीचा नंबर गेला.

ताई काही बोलल्या नाहीत. पण येताना एसटीच्या खिडकीशी बसून त्यांनी डोळे पुसले, ते आम्ही पाहिलं. चूक कोणाची नव्हती, आमचीच होती. आम्ही धीर घेऊन निघालो होतो, चौकशी करून निघालो नव्हतो. त्या दिवसापासून ठरवलं, की मुंबईच्या सगळ्या वाटा गटाने शिकून घ्यायच्या. जे शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मूळची मुंबई हे बेट आहे. जुन्या काळी ती सात बेटं होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधली खाजणं भरून ती एक झाली. पण बाहेरून यायचं तर पाणी ओलांडावंच लागतं, मग ते होडीने ओलांडा नाहीतर पुलावरून.

यात एका बाईची गोष्ट आहे. पूर्वी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. होड्या उलटून माणसं बुडायची. रस्ता बांधायला सरकार पैसे देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी पदरचे 1 लाख 57 हजार रुपये दिले. अट एकच घातली, की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. 1845 साली तो रस्ता खुला झाला. आजही तो वापरात आहे. बाईला मुंबईला कोण नेईल, असं आपण विचारतो. पण एका बाईने अख्ख्या गावाला मुंबईत जायची वाट करून दिली होती, हेही आठवणीत ठेवू.

आता आपल्या वाटा बघू.

पहिली वाट मांडवा ते गेटवे. अलिबागहून मांडवा वीसेक किलोमीटर. एसटीने जा, नाहीतर विक्रमने. बोटीला पाऊण ते एक तास लागतो. काही बोटींच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसचं भाडंही धरलेलं असतं, तिकीट घेतानाच विचारा. रस्त्याने अलिबाग ते मुंबई शंभरेक किलोमीटर पडतं, त्यापुढे ही वाट फारच जवळची. कुलाबा, फोर्ट, मंत्रालय या बाजूला काम असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. गेटवेहून चर्चगेट आणि सीएसएमटी ही दोन्ही स्टेशनं बेस्ट बसने किंवा टॅक्सीने जवळ आहेत. पण या बोटी साधारण मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत बंद असतात. आम्ही फसलो ते इथेच. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे बोटी लगेच सुरू झाल्या असंही धरू नका, जेटीवर फोन करून विचारा.

दुसरी वाट रो-रो. मांडव्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला ही मोठी बोट जाते, 2020 पासून. हिच्या पोटात गाड्या जातात आणि वर माणसं बसतात. तास लागतो. ही बोट पावसाळ्यातही चालते, मात्र समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात. म्हणून पावसाळ्यात घरून निघायच्या आधी चौकशी हवीच. भाऊच्या धक्क्याहून सर्वांत जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड, हार्बर लाइनवरचं. आजारी माणसाला किंवा जड सामान घेऊन गाडीने जायचं असेल, तर गाडीसकट पलीकडे उतरता येतं. चार घरं मिळून गाडी केली तर खर्च वाटला जातो.

तिसरी वाट रेवस, करंजा, उरण. रेवसहून लाँचने धरमतरची खाडी ओलांडली की करंजा. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. तिथून एसटी किंवा रिक्षाने उरण. पूर्वी उरणहून पुढे पुन्हा एसटीच करावी लागे. आता उरणला लोकल आली आहे. 12 जानेवारी 2024 ला खारकोपर ते उरण हा टप्पा सुरू झाला. उरणहून बसायचं, नेरुळ किंवा बेलापूरला उतरून हार्बर लाइनची गाडी धरायची. नवी मुंबईत काम असेल तर ही वाट सोयीची. मात्र उरणला पनवेलइतक्या भराभर गाड्या नसतात, वेळ बघून निघा. उरणच्या मोरा बंदरातूनही भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. पण या धक्क्यांपाशी गाळ फार साचतो. मोठी ओहोटी असली की लाँच धक्क्याला लागत नाही, पाणी चढेपर्यंत थांबावं लागतं. आपल्या कोळणी मावश्यांना हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त ओसरतं, एवढं बाकीच्यांनी ध्यानात ठेवा.

चौथी वाट जमिनीवरची. अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल. ही बारा महिने चालते. अलिबागहून पनवेलला विनाथांबा एसटी आहेत. मुंबईला थेट जाणाऱ्याही आहेत. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला, म्हणजे सगळ्या बायकांना, अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्या आजी-आजोबांना प्रवास फुकट आहे, पण वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ हवं. पनवेल स्टँडवरून रिक्षाने स्टेशनला जायचं आणि सीएसएमटीची लोकल धरायची. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. पेणच्या आणि रोह्याच्या बायकांना दिवा-रोहा गाडीही आहे. या वाटेला वेळ जास्त लागतो. शनिवार-रविवारी वडखळ नाक्यावर गाड्यांची रांग लागते. रविवारी हार्बर लाइनवर मेगाब्लॉकही असतो. म्हणून रविवारी ही वाट टाळलेली बरी.

पाचवी वाट म्हणजे अटल सेतू. तोही 12 जानेवारी 2024 लाच सुरू झाला. न्हावा शेवा बाजूने चढायचं आणि मुंबईत शिवडीला उतरायचं. लांबी जवळजवळ 22 किलोमीटर, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. सुरू झाला तेव्हा कारला एकेरी 250 रुपये टोल ठरला. दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना तिथे बंदी आहे. गटातल्या एकीचा मुलगा आईला मोटारसायकलवरून पुलावरून नेतो म्हणाला होता. तसं चालत नाही. आजारी माणसाला गाडीने न्यायचं असेल तर मात्र या पुलाने खूप वेळ वाचतो.

आता या पाचांतून कुठली निवडायची? आमच्या बैठकीत यावर पुष्कळ वाद झाला. बोटीची बाजू घेणाऱ्या वेगळ्या, एसटीची बाजू घेणाऱ्या वेगळ्या. शेवटी आम्ही तीन प्रश्न ठरवले. मुंबईत नेमकं कुठे जायचं आहे? सोबत काय आहे? आणि परत कधी यायचं आहे?

पहिला प्रश्न, कुठे जायचं? आपण नुसतं मुंबईला जायचं म्हणतो. पण गेटवेला उतरलेल्या बाईला परळला जायचं असेल तर पुन्हा टॅक्सी, गर्दी, जिने. त्या ताईंच्या वेळी आम्ही बोट जवळची म्हणून मांडव्याला धावलो होतो. पुढे गटातल्या मुलींनी स्टेशनांची नावं वहीत ओळीने लिहून काढली, तेव्हा लक्षात आलं, की पनवेलची लोकल वडाळ्यानंतर शिवडीला थांबते आणि शिवडीहून टाटा रुग्णालय टॅक्सीने किंवा बसने अगदी थोडं अंतर आहे. केईएम आणि लहान मुलांचं वाडिया रुग्णालयही परळच्या त्याच भागात. म्हणजे पनवेलला गाडीत बसायचं ते थेट शिवडीला उतरायचं, मध्ये कुठे गाडी बदलायची नाही. पहिल्या खेपेला आम्ही कुर्ल्याला उतरून, पूल चढून, दुसऱ्या गाडीच्या गर्दीत आजारी बाईला उभं केलं होतं. रो-रोने आलात तरी डॉकयार्ड रोडहून शिवडी तिसरं स्टेशन. आणि अटल सेतूही शिवडीलाच उतरतो. मैत्रिणींनो, बाकी काही विसरलात तरी चालेल, पण दवाखान्यासाठी शिवडी हे नाव लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न, सोबत काय? माल असेल तर वजन आणि चढउतार बघा. आमचा एक गट पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन मुंबईतल्या प्रदर्शनाला गेला. हा आपला भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा कांदा. पहिल्या वेळी एसटी, रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा अशी चार वेळा पोती चढवली-उतरवली. माळा तुटल्या, कांदे सुटे झाले, आणि सुट्या कांद्याला माळेचा भाव कोण देतो? दुसऱ्या वर्षी तीन गटांनी मिळून एक टेम्पो केला आणि माल घरून निघाला तो थेट मांडवावर उतरला. तिघींनी खर्च वाटून घेतला आणि माळाही शाबूत राहिल्या. थोडा माल असेल, सुकट-बोंबील, पापड, आमसुलं, तर लोकलच्या मालडब्यातून न्या. डोक्यावर पाटी घेऊन बायकांच्या डब्यात शिरलात तर भांडण ठरलेलं. आणि मालडब्यात सामानाचं वेगळं तिकीट लागतं का, ते खिडकीवर आधी विचारा.

आजारी माणूस सोबत असेल तर आणखी दोन गोष्टी. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो. त्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही बसता येतं. कागदपत्रं हाताशी ठेवा. लांबच्या रेल्वे प्रवासात कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. आणि एकदम जास्त झालं, श्वास लागला, रक्त थांबेना, तर यातली कुठलीच वाट शोधत बसू नका. 108 ला फोन करा आणि आधी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

तिसरा प्रश्न, परत कधी? आपण जायची वेळ बघतो, यायची बघत नाही. संध्याकाळची शेवटची बोट चुकली की बाई गेटवेवर अडकते. म्हणून आमचा नियम असा. घर सोडायच्या आधी परतीची शेवटची बोट किंवा शेवटची एसटी वहीत लिहायची. ती चुकलीच तर दुसरी वाट कुठली, तेही लिहायचं. बोट गेली तर सीएसएमटीहून पनवेल लोकल आणि तिथून एसटी. जाताना बोट आणि येताना एसटी, असं केलं तरी काही बिघडत नाही. रुग्णालयात दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बोलावलं असेल तर जाऊन-येऊन करू नका. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे रुग्णांची आणि नातेवाइकांची राहायची सोय होते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारलं की ते मार्ग सांगतात. विचारायला लाजू नका, तो विभाग त्यासाठीच आहे.

आता समुद्राबद्दल थोडं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना रामदास बोट ठाऊक आहे. 17 जुलै 1947 चा दिवस, आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात आपल्याच गावांतली माणसं होती. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, त्यातही माणसांचे जीव गेले. हे भीती घालायला सांगत नाही. रोज हजारो माणसं सुखरूप ये-जा करतात. पण बोटीत चढलात की लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला. साडीवर कसं दिसेल याचा विचार करू नका. मूल असेल तर आधी मुलाला घाला. बोट भरलेली दिसली तर पुढच्या बोटीने या. आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलेला असेल, तर कोणी कितीही म्हणालं तरी पाण्यात पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी आपली एसटीच बरी.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. गटाच्या हिशेबाच्या वहीबरोबर आम्ही आणखी एक वही केली. तिला आमच्याकडे वाटेची वही म्हणतात. जी बाई मुंबईला जाऊन येते, तिने आल्यावर लिहायचं, किंवा लिहिता येत नसेल तर सांगायचं. किती वाजता निघाली, कुठली बोट, किती भाडं, कुठे उतरली, कुठे चुकली. भाडी बदलतात, वेळा बदलतात, म्हणून तारीख घालायचीच. एसटी स्टँडचा आणि जेटीच्या चौकशीचा नंबर पहिल्या पानावर. आणि दर सहा महिन्यांनी कधीच मुंबईला न गेलेल्या दोघींना एक जाणती बाई सोबत घेऊन जाते. काम नसलं तरी. शिवडीला उतरायचं, रुग्णालयाचं दार बघायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. काही घरांतून विचारणा झाली, की काम नसताना कशाला फिरता? आम्ही सांगितलं, काम पडेल तेव्हा शिकायला वेळ नसतो.

एक सासूबाई फार नाराज होत्या. त्यांच्या सुनेला आम्ही असंच नेऊन आणलं होतं. चार महिन्यांनी सासूबाईंच्याच डोळ्यांचं काम निघालं. मुलगा बोटीवर नोकरीला, घरी कोणी नाही. सून म्हणाली, "चला आई, मी नेते." आता त्या सासूबाई बैठकीला पहिल्या येऊन बसतात.

आणि त्या ताई? दुसऱ्या खेपेला आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. पनवेल, मग शिवडी, आणि नंबर लागायच्या आधी दारात हजर. तपासण्या झाल्या, उपचार सुरू झाले. अजून चालू आहेत. सुरुवातीला आम्ही दोघी सोबत जायचो, मग एकच. गेल्या महिन्यात तारीख होती तेव्हा आम्ही विचारलं, "ताई, सोबत कोण येऊ?" त्या म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. वाडीतल्या एकीला तिच्या पोरीला वाडियात दाखवायचं आहे. तिला मीच घेऊन चाललेय."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं वाटेसाठी काढा. आपल्यातली कोण कुठल्या वाटेने मुंबईला गेली आहे ते विचारा, आणि वहीचं पहिलं पान लिहा.